जुगारावर अभ्यास करायचा तर पहिला प्रश्न कोणता असावा?

कसोटीवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावून विचारते आहे, कारण थोडक्यात विचारलं तर "जुगार वाईट" एवढंच उत्तर येईल आणि तेवढं मलाही माहीत आहे.

आमच्या महिला मंडळाकडे एका दिवंगत काकूंच्या नावाने ठेवलेली ठेव आहे. यंदा त्यातून जुगाराचा घरादारावर काय परिणाम होतो याचा अभ्यास व्हावा, अशी त्यांच्या मुलींची इच्छा आहे. रक्कम १,८०,००० रुपये, मुदत दहा महिने. समाजकार्याचं शिक्षण घेणारी एक मुलगी काम करायला तयार आहे. मराठी, हिंदी, माळवी तिन्ही सहज बोलते, कोणाच्याही ओट्यावर बसू शकते. नेमकं काय शोधायचं हे ठरवायला पाच जणींची समिती नेमली, त्यात मी आहे.

पहिली बैठक रामबागेत एकीच्या घरी झाली. अध्यक्षबाईंचं म्हणणं, इंदुरात किती टक्के लोक जुगार खेळतात ते काढा. दुसरीचं म्हणणं, शाळेतली मुलं बघा. तिसरीला व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन रुग्णांना भेटायचंय. तिघींचंही चूक नाही. मला वेगळंच काही म्हणायचं होतं, पण तिथे नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी एका पतसंस्थेत बावीस वर्षं सोनेतारणाच्या खिडकीवर आहे. आमच्याकडे लोक गहाण म्हणत नाहीत, गिरवी म्हणतात. दागिना आला की कसोटीवर घासायचा, रेघ उमटते, तिच्यावर आम्लाचा थेंब सोडायचा आणि रेघ किती टिकते ते बघायचं. मग खडे, लाख, मणी यांचं वजन वजा. मंगळसूत्र आलं तर काही बायका म्हणतात, "ताई, वाट्या घ्या, मणी राहू द्या." मी कात्रीने दोरा कापते, दोन वाट्या काचेच्या पेटीतल्या तराजूत ठेवते. ती बाई तिथेच बाकावर बसून काळे मणी हळदीच्या दोऱ्यात पुन्हा ओवते, गाठ मारते, पदर नीट करते आणि मगच उठते. घरी पोचेपर्यंत गळा रिकामा दिसू नये म्हणून.

अर्जात एक रकाना असतो, "कर्जाचे कारण". बावीस वर्षांत त्या रकान्यात जुगार हा शब्द मी एकदाही वाचलेला नाही. घरखर्च, आजारपण, फी, दुकानात माल भरणे. पण खिडकीशी कळतं. ज्याला खरंच फी भरायची असते तो व्याजाचा दर विचारतो, सोडवायची मुदत विचारतो. हा दुसरा माणूस दर विचारतच नाही. "पैसे किती वाजेपर्यंत खात्यात येतील" एवढंच त्याला हवं असतं.

मे २०२२ मध्ये माझ्या शेजारच्या खिडकीवरून पाटल्यांची एक जोडी तपासायला माझ्याकडे आली. आणणारा तरुण ओळखीचा नव्हता. डाव्या पाटलीला आतल्या बाजूने बारीक पोचा होता. तो पोचा पडला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई पाट्यावर चटणी वाटत होती, वरवंटा निसटला. पाटल्या माझ्या आईच्या होत्या. मी वजन लिहिलं, ४१.२ ग्रॅम, आणि आत जाऊन पाणी प्यायले.

धाकटा भाऊ सात महिने क्रिकेटच्या आयडीवर, म्हणजे सट्टेवाल्या एजंटने दिलेल्या ऑनलाइन खात्यावर, खेळत होता. मित्राला पुढे करून त्याने पाटल्या पाठवल्या होत्या. नंतर आम्ही बसून सगळं उलटं उलगडत नेलं. आधी दर महिन्याची दोन हजारांची आवर्ती ठेव मोडली. मग भावजयेची बीसी (भिशीला आमच्याकडे बीसी म्हणतात) घाटा सोसून लवकर उचलली. मग किराणा उधारीवर गेला. मग मुलीची फी तटली. मग स्कूटर "दुरुस्तीला" गेली ती गेलीच. पाटल्या सगळ्यात शेवटी. म्हणजे किराणेवाल्याला पाच महिने आधी सुगावा होता, बीसी चालवणाऱ्या बाईंना त्याच्याही आधी, शाळेतल्या फीच्या खिडकीला तीन महिने आधी. आम्हा सख्ख्या माणसांना पाटल्या तराजूत पडल्यावर कळलं. आणि डॉक्टरांना त्याच्याही दोन महिन्यांनी.

म्हणून मला वाटतं, पहिला प्रश्न हा असावा: घरातून काय कोणत्या क्रमाने जातं, आणि घराबाहेर ते सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येतं? व्यसन आहे का हे ठरवायला डॉक्टर आहेत. पण डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर घरात काही उरत नाही.

हा प्रश्न अभ्यासाला धरून आहे का? एवढ्या पैशात जमेल का? चुकत असेल तिथे स्पष्ट सांगा. रविवारी दुसरी बैठक आहे.

लष्करकर (ग्वाल्हेर)

ताई, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. आधी तुमच्या अध्यक्षबाईंच्या टक्केवारीबद्दल.

समजा, शंभरात दोन जणांना जुगाराचा गंभीर त्रास आहे. हा आकडा अर्धा टक्का इकडेतिकडे एवढ्या नेमकेपणाने मोजायचा असेल, तर सुमारे ३,००० माणसं यादृच्छिक पद्धतीने निवडून प्रत्येकाला गाठावं लागेल. घर बंद असेल तर पुन्हा जावं लागेल. एका मुलीचं हे काम नाही. आणि तीन हजारांना गाठलं तरी आकडा विचारण्याच्या पद्धतीवर हलतो. ब्रिटनमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या आरोग्य सर्वेक्षणात गंभीर त्रास असलेल्यांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत यायचं. मग पत्र पाठवून ऑनलाइन किंवा टपालाने उत्तरं मागवणारं नवं सर्वेक्षण सुरू झालं, त्यात २०२३ सालासाठी २.५ टक्के आलं. प्रश्नावली तीच, नऊ प्रश्नांची, शून्य ते सत्तावीस गुणांची, आठ किंवा जास्त गुण म्हणजे गंभीर. समोर माणूस बसलेला असला, शेजारी बायको ऐकत असली, की लोक लपवतात. उलट पत्र आल्यावर उत्तर द्यायला जुगार खेळणारेच जास्त पुढे येतात. त्यांच्याकडे पैसा, यंत्रणा, अनुभव सगळं असून हा फरक पडतो. तुमच्या दहा महिन्यांच्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि वर्तमानपत्रात तो छापून आला तर नुकसानच होईल.

पोलिसांच्या नोंदीही या कामाच्या नाहीत. त्यांतून धाडी किती पडल्या ते कळतं, खेळ किती झाला ते कळत नाही.

आता तुमचा प्रश्न. तो चांगला आहे, कारण त्याला साठ-सत्तर घरं नीट ऐकली तरी उत्तर मिळू शकतं. शिवाय तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी मोठ्या संस्थांकडेही सहसा नसते: तारखा. दागिना कोणत्या दिवशी आला, पहिल्यांदा तारण ठेवणारा होता की जुना, सोडवला की लिलावात गेला. नावं काढून टाकून एवढंच मिळालं तरी पुष्कळ.

एक सावधगिरी. "आयपीएलच्या दिवसांत गिरवी वाढते" असं कोणी पटकन म्हणेल. एप्रिलमध्ये शाळेची फी असते, पाठोपाठ लग्नसराई. सोन्याचा भाव चढला की तेवढ्याच दागिन्यावर जास्त पैसे मिळतात, त्यानेही लोक येतात. २०२० मध्ये आयपीएल सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये दुबई-अबुधाबीकडे झाली, त्यामुळे तुलना सोपी वाटेल, पण त्या वर्षी करोनाने घरं रिकामी केली होती. ते वर्ष बाजूला ठेवा.

सरळ_बोलतो (इंदूर)

ताई, तुमच्या आईच्या पाटल्यांचं वाचून वाईट वाटलं. पण मला हा अभ्यासच कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वादही कायद्याने संपवला. सरकारने स्वतः अंदाज सांगितला की ४५ कोटी लोक यात वर्षाला २०,००० कोटी रुपये घालवतात. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. आता अजून काय शोधायचं राहिलं? दोन मुली आहेत मला. १,८०,००० रुपयांत वस्तीतल्या दहा-बारा मुलींची वर्षाची फी भरली जाईल, हे मला डोळ्यांपुढे दिसतं. अभ्यासाचा कागद कपाटात जाईल.

कसोटीवाली

भाऊ, कपाटात जाण्याची भीती मलाही आहे. म्हणूनच असा प्रश्न शोधते आहे की ज्याचं उत्तर किराणेवाल्याच्याही उपयोगी पडेल.

बंदीचं म्हणाल तर माझा भाऊ ज्या आयडीवर खेळला ती त्या दिवशीही बेकायदाच होती. ॲपच्या दुकानात नव्हती, व्हॉट्सॲपवर एका नंबरवरून आली होती. सार्वजनिक जुगाराचा कायदा तर १८६७ चा आहे. कायदा हवाच, मी त्याच्या बाजूची आहे. पण ॲप बंद झाल्यावर तो खेळणारा माणूस थांबला, आयडीकडे गेला की शेअरबाजाराच्या ऑप्शनकडे (भाव चढेल की उतरेल यावरच्या सौद्यांकडे) गेला, हे कोणाला तरी विचारावं लागेल ना?

पाटणीपुरा_जुना (इंदूर)

ताईंना माझा नमस्कार. वय ७१. सगळं बोलणं मोबाइलवर चाललं आहे म्हणून लिहितो.

माझे वडील गिरणीत होते. आकडा लावायचे. आजच्या पोरांना ठाऊक नसेल, मटक्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव असे तो तारेने मुंबईला यायचा, त्यावर लोक पैसे लावायचे. ते १९६१ मध्ये थांबलं, मग १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, ओपन आणि क्लोज हे शब्द राहिले. आणि इंदूर तर कापसाचंच शहर. कापसाचे बडे व्यापारी सर हुकुमचंद यांच्या काळापासून इथे भावावर पैसा लावणं हे शहाणपणाचं लक्षण समजायचे. त्या हवेत गिरणीतला माणूस चार आणे लावणारच.

वडील पर्ची सायकलच्या हँडलच्या मुठीत गुंडाळून ठेवत. मला ते माहीत होतं, आईला नव्हतं असं मी समजत होतो. खूप वर्षांनी ती म्हणाली, "घंटी वाजवत गल्लीत शिरले की कळायचं, लागला. सायकल हाताने धरून चालत आले की त्या दिवशी मी भाकऱ्या दोन कमी करायची." तिला कोणी कधी काही विचारलं नाही. ना गिरणीतल्या वेलफेअरवाल्याने, ना युनियनवाल्याने, ना आम्ही मुलांनी.

माझं म्हणणं एवढंच की म्हाताऱ्यांनाही विचारा. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा आधी खेळ वाढला की आधी काम गेलं, हे सांगणारी माणसं आता आमच्या भागात थोडीच उरली आहेत. पुढल्या वर्षी त्यातली काही नसतील.

दोन_वर्षं_सात_महिने (इंदूर)

ताई, नाव देत नाही. वय २९, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेवटचा पैसा लावला त्याला दोन वर्षं सात महिने झाले.

तुमचा क्रम तुमच्या भावाचा आहे, तो खरा आहे, पण सगळ्यांचा नाही. मी लग्न न झालेला, माझ्याकडे सोनं कुठून येणार? माझ्याकडून आधी फोनवरची कर्जं गेली. पाच मिनिटांत पाच हजार देणारी ॲप. एकाचं फेडायला दुसरं, अशी अकरा. त्यांना फोनमधली नावं वाचायची परवानगी दिलेली असते. हप्ता चुकला की माझ्या मामाला, माझ्या ग्राहकांना, जुन्या मास्तरांना फोन गेले. म्हणजे "घराबाहेर सगळ्यात आधी कोणाला कळलं" याचं माझं उत्तर वसुलीवाल्याला, आणि मग एका दुपारी सगळ्यांना. तुमची मुलगी फक्त संसारी घरांत गेली तर आमच्यासारखे सुटतील.

दुसरं, "किती हरलास" हे विचारू नका. आम्ही खोटं सांगतो. मुद्दाम नाही, आम्हालाच खरं माहीत नसतं, कारण जिंकलेलं लक्षात राहतं आणि हरलेलं "रिकव्हर होणारे" म्हणून डोक्यात हरलेल्यात धरलेलंच नसतं. "किती जणांकडून घेतलेस" हे विचारा. तो आकडा प्रत्येकाला पाठ असतो. मला अजून आहे, तेवीस.

तिसरं, तुमच्या खिडकीसाठी. माझ्या एजंटचा हिशेब सोमवारचा होता. आठवडाभर उधारीवर पॉइंट मिळायचे, मॅच चालू असताना सेशन लावायचं, सहा षटकांत किती धावा होतील वगैरे, एका संध्याकाळी दहा वेळा. पैसा प्रत्यक्ष हातातून जात नाही म्हणून हात आखडत नाही. आणि सोमवारी दुपारपर्यंत रक्कम पोचवायची. नाही पोचवली तर आयडी बंद, आणि दुकानासमोर दोन मुलं येऊन बसणार. ओळखीच्या इतरांचाही बहुतेक सोमवारच असायचा. तर ताई, सोमवारी सकाळी तुमच्याकडे कोण येतं ते बघा.

मुलीला प्रश्न तयार करताना मदत लागली तर मी बसेन.

लष्करकर (ग्वाल्हेर)

हे फार महत्त्वाचं सांगितलंत, आणि सांगायला धैर्य लागतं. आभार.

ताई, सोमवारमुळे माझी अडचण बरीचशी सुटते. फी, लग्नं, सोन्याचा भाव हे सगळं हंगामाला हलवतं, वाराला नाही. सोमवारी गर्दी असतेच, कारण रविवारी तुम्ही बंद. पण मॅचच्या महिन्यांतला सोमवार आणि बाकीच्या महिन्यांतला सोमवार, प्रत्येक आठवड्यातल्या इतर दिवसांशी ताडून बघा. मॅचच्या महिन्यांत सोमवारचा वाटा वेगळाच वर गेलेला दिसला, तर ते फीने झालं असं म्हणता येणार नाही. पाच-सहा वर्षांच्या तारखा पुरेत. नावं नकोत, रकमा नकोत. गणित मी करून देईन, पैसे घेणार नाही.

ऑप्शनचा विषय ताईंनी काढला म्हणून: शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. कायद्याने तो जुगार नाही. तुमच्या अभ्यासात तो धरायचा की नाही, हे आधी ठरवा, मध्येच बदलू नका.

मांडवीजवळ (वडोदरा)

मी एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजकार्यकर्ती आहे, अठरा वर्षं. ताई, तुमचा प्रश्न मला आवडला, आणि त्याच्याबद्दल काळजीही वाटते. दोन्ही लिहिते.

जुगार हा आजार म्हणून नोंदला जातो हे अजून पुष्कळ डॉक्टरांच्याही अंगवळणी पडलेलं नाही. अमेरिकेच्या मानसोपचार वर्गीकरणात २०१३ पासून तो दारू आणि इतर व्यसनांच्या प्रकरणात बसवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही त्याला व्यसनांतच वेगळी जागा आहे. पण माझ्याकडे येणारा माणूस "जुगार" घेऊन येत नाही. झोप येत नाही, छातीत धडधडतं, दारू वाढली, असं घेऊन येतो. बायको बाहेरच्या बाकावर बसलेली असते. विचारायला फार काही लागत नाही. १९९७ मध्ये तयार झालेली दोनच प्रश्नांची चाचणी आहे: पैसे लावायची रक्कम वाढवत न्यावी असं कधी वाटलं का, आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का. यातला एकाचाही होकार आला की पुढे नीट बोलायचं. तुमच्या मुलीला हे दोन प्रश्न द्या.

ऑस्ट्रेलियात २०१७ च्या एका अभ्यासात निघालं की गंभीर त्रास असलेला एक जुगारी साधारण सहा जणांना झळ पोचवतो. ते सहा कोण, हे आपल्याकडे वेगळं असणार. तुमच्या भावाचे सहा मोजा: भावजय, मुलगी, तुम्ही, आई, पाटल्या घेऊन आलेला मित्र, बीसीतल्या बायका. आपल्याकडे मित्र आणि बीसी या यादीत येतात, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

आता काळजी. किराणेवाल्याला आधी कळतं, बरं. मग त्याने करायचं काय? बायकोला सांगितलं आणि तिने रात्री नवऱ्याला विचारलं, तर मार कोण खाणार? माझ्याकडे अशी एक बाई आली होती, मनगट मोडलेलं. सांगणारा शेजारी भल्या मनाने बोलला होता. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला दुसरा जोडल्याशिवाय मी त्याला पहिला म्हणणार नाही: ज्याला आधी कळलं त्याने काय केलं, आणि त्यामुळे घरात बरं झालं की वाईट?

विचारण्याची शिस्तही सांगते. नवरा घरात असताना बायकोला विचारायचं नाही. नीतिसमितीची मंजुरी मुलीच्या महाविद्यालयाकडून आधी घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांतला संमतीचा भाग सोप्या हिंदीत उतरवून घ्या. कोणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा काढली तर मुलाखत तिथेच थांबवून मदत मिळवून द्यायची, हे लेखी ठरलेलं असू द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर प्रत्येक घरी चिठ्ठीवर द्या, दिवसरात्र चालतो. आत्महत्येच्या सरकारी नोंदीत कर्ज आणि कौटुंबिक कारणं अशी सदरं असतात. जुगार त्या सदरांखाली झाकला जातो, जसा तुमच्या "कर्जाचे कारण" रकान्यात "घरखर्च"खाली झाकला जातो.

पैशाबद्दल एकच. मंडळाला उद्या कोणी खेळाच्या धंद्यातला दाता भेटला तर घेऊ नका. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं जुगारावरचं संशोधन आणि उपचार जुगारकंपन्यांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालले. एप्रिल २०२५ पासून त्यांनी कंपन्यांवर सक्तीचा आकार बसवला, त्यातला पाचवा हिस्सा संशोधनाला, म्हणजे कोणता प्रश्न विचारायचा हे देणाऱ्याच्या मर्जीवर राहू नये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तर २०११ मध्ये कसिनोला परवानगी देणाऱ्या कायद्यातच संशोधनाची तरतूद लिहिली, आणि पहिला कसिनो २०१५ मध्ये उघडायच्या आधी लोकांची पाहणी करून ठेवली. आधीचं मोजलेलं असलं तरच नंतरचं कळतं. आपल्याकडे आयडी आधी आली. तुमच्या वह्यांमधल्या तारखा म्हणूनच मोलाच्या.

सरळ_बोलतो (इंदूर)

मनगटाचं वाचलं. माझा विरोध मागे घेतो असं नाही, पण त्या पैशातून किराणेवाल्यांसाठी एक पान तरी छापलं जाणार असेल, की असं दिसलं तर काय करावं आणि काय करू नये, तर ती फी भरण्याइतकीच कामाची गोष्ट होईल. माझ्या भावजींचं किराणा दुकान आहे, उधारीची वही ते जपून ठेवतात. विचारून बघतो.

कसोटीवाली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री दोनदा वाचलं.

व्यवस्थापकांशी बोलले. नावं, पत्ते, रकमा काहीही बाहेर जाणार नाही, फक्त तारीख, वार, आणि नवा की जुना, एवढं मी स्वतः वहीतून उतरवून द्यायला त्यांची हरकत नाही. संचालकांच्या पुढच्या सभेत लेखी परवानगी मिळेल. लष्करकर सर, कागद तुम्हाला ग्वाल्हेरला पाठवीन.

पाटणीपुऱ्याचे काका, तुमच्या आईंचं दोन भाकऱ्यांचं मी विसरणार नाही. साठ घरांपैकी दहा घरं जुन्या गिरणीवाल्यांची घ्यायची असं मी सुचवणार आहे. मुलगी तुमच्याकडेच पहिली येईल, चालेल ना?

दुकानवाल्या भाऊ, तुम्ही माझा क्रम मोडलात ते बरं झालं. मी माझं घर पुढे ठेवून विचार करत होते. आता फोनचं कर्ज हे सोन्याच्या आधीचं वेगळं पाऊल म्हणून येईल, आणि वीस मुलाखती एकट्या तरुण मुलांच्या. "किती हरलास" मी खोडलं, "किती जणांकडून घेतलेस" लिहिलं. भावाला काल जेवताना सहज विचारलं. त्याने चमचा खाली न ठेवता सांगितलं, चौदा. मला सहाच ठाऊक होते.

ऑप्शन धरायचं ठरवलं आहे. नावावरून भांडत बसायचं नाही. घरच्यांपासून लपवून लावलेला पैसा असेल तर त्याचं नाव आयडी असो, आकडा असो, की ट्रेडिंग, तो आमच्या अभ्यासात येईल. दिवाळीत घरच्यांनी मिळून दहा-दहा रुपयांची तीन पत्ती खेळली तर ती येणार नाही.

वडोदऱ्याच्या ताई, तुम्ही जोडलेल्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ बसले. माझ्या भावाच्या किराणेवाल्याला परवा मुद्दाम जाऊन विचारलं, तुम्हाला कळलं तेव्हा काय केलंत? ते म्हणाले, "उधारी बंद केली, बहनजी. भाभीजींना काही बोललो नाही, त्यांना वाईट वाटलं असतं." म्हणजे त्या पाच महिन्यांत भावजय दुसऱ्या दुकानात जायला लागली ती यामुळे. आम्हाला वाटलं होतं तिथे डाळ स्वस्त मिळते.

रविवारी समितीपुढे दोन प्रश्न ठेवते आहे, एकाखाली एक. घरातून काय कोणत्या क्रमाने गेलं आणि घराबाहेर आधी कोणाला कळलं. ज्याला कळलं त्याने काय केलं आणि त्यानंतर घरात काय झालं. टक्केवारी नाही. शाळेतली मुलं या वर्षी नाहीत, हे सांगताना मला जड जाणार आहे, कारण त्या बाई स्वतः शिक्षिका आहेत आणि रोज बघतात. निधी पुन्हा जमला तर पुढचा प्रश्न त्यांचा, असं लिहून देणार आहे.

मंगळवारी चार वाजता खिडकी बंद झाली की मुलगी माझ्याकडे येते आहे. दुकानवाल्या भाऊ, तुम्हीही या. आधी प्रश्न आपल्या तिघांवरच विचारून बघू, कुठे घसा दाटतो ते कळेल.